ओव्हनचं बघायला हवं

ओव्हनची कॉइल आपणच बदलायची, हे लवंगीनं शनिवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. (मोठे निर्णय ती दात घासतानाच घेते. तोंडात फेस असला की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि बाहेरून कुणी काही सांगत असेल तर नळ सोडला की ऐकूही येत नाही.) चूळ भरून, तोंड न पुसताच ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाबा, आज ओव्हन उघडायचा."

बाबा खिडकीशी बसून चहात ब्रेड बुडवत होते. ब्रेड बाजारचा होता, त्यामुळे बुडवल्या बुडवल्या त्याचा अर्धा भाग कपाच्या तळाशी गेला. त्यांनी कपात पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"बघू," ते म्हणाले.

बाबांचं हे 'बघू' घरात सगळ्यांना पाठ होतं. बाथरूमची कडी, बैठकीतलं थांबलेलं घड्याळ, कुरकुरणारं कपाट, सगळ्यांचं बाबा बघणार होते. लवंगीला लहानपणी वाटायचं की बाबांचे डोळे अधू असावेत, इतकं बघून यांना काहीच कसं दिसत नाही! मोठी झाल्यावर तिला कळलं की डोळे ठणठणीत आहेत. मोठी माणसं एकदा बसली की उठत नाहीत, एवढाच तो आजार आहे.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव कॉलेजच्या प्रमाणपत्रांवर आहे आणि वादविवाद स्पर्धेच्या ढालीवर आहे. घरात मात्र ती बोलायला लागली तेव्हापासून लवंगीच. अंगानं एवढीशी, पण समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी.

ओव्हन बिघडला तो आई गेली त्याच आठवड्यात. आई गेली म्हणजे परगावी, ताईकडे. ताईला बाळ झालं होतं. ओव्हनचा दिवा लागायचा, पंखा घुं घुं करायचा, पण आत ठेवलेली बिस्किटं तासाभरानंही ठेवली तशीच गारेगार. आईनं ती कच्ची बिस्किटं बाहेर काढली, बॅग खांद्याला लावली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "परत आले की आधी ओव्हनचं बघायला हवं."

तिला परत यायला काही आठवडे लागणार होते. बाळानं मान धरली, बाळ पालथं पडलं, बाळ रांगायला लागलं, तरी आई तिकडेच. आणि काल, शुक्रवारी, ताईचा फोन आला.

"माझी रजा संपतेय गं. मी आईला म्हटलंय, बाळ शाळेत जाईपर्यंत इथेच राहा. रविवारी संध्याकाळी सांगते म्हणालीय. तिचं मन छान रमलंय इथे. आमचा नवा ओव्हन आहे ना, त्याच्यापुढून हलतच नाही!"

बाळ शाळेत जाईपर्यंत! ते बाळ अजून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होतं.

खरं तर लवंगीनं तिथेच ओरडायला हवं होतं. 'काही नाही, आईला पाठवून दे, मला करमत नाही,' एवढंच. पण ढाल जिंकलेल्या मुलीच्या तोंडून निघालं, "अरे वा, छानच की!" आणि फोन ठेवून तिनं स्टुलाला लाथ मारली. (स्टूल लोखंडी होतं. तेव्हापासून ती किंचित लंगडत होती.)

या घराची हीच तर पद्धत. 'तुझी आठवण येते' असं इथे कुणी कधी कुणाला म्हटलेलं नाही. तसं वाटलंच तर दुसऱ्याला विचारायचं, जेवलीस का? आणि फारच वाटलं तर विचारायचं, पोटभर जेवलीस का?

बाबांचं तर त्याहून पुढचं. रोज संध्याकाळी ते आईला फोन लावायचे आणि घरातली एखादी वस्तू कुठे आहे ते विचारायचे. टॉर्च कुठे आहे. सुईदोरा कुठे आहे. आणि कात्री. कात्री तर आठवड्यातून दोनदा हरवायची. आई तिकडून सांगायची, फोनच्या टेबलाच्या खणात, उजवीकडे. मग बाबा, "हां, बरं," म्हणायचे, थोडा वेळ नुसतेच थांबायचे आणि फोन ठेवायचे. पलीकडच्या खोलीत बसलेल्या लवंगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं ज्या घरात राहिलात, त्यात कात्री कुठे असते हे माहीत नाही? आणि त्यासाठी परगावी फोन?

तर लवंगीचा हिशेब सरळ होता. आईला तिकडे काय धरून ठेवतं? ओव्हन. आपल्याकडे काय नाही? ओव्हन. म्हणून रविवारी संध्याकाळी आईनं ताईला काही सांगायच्या आत आपला ओव्हन तापला पाहिजे. फोन करायचा आणि म्हणायचं, "आई, ओव्हन झाला." मग आपोआपच पुढचं सगळं होईल. बोलावं काही लागणार नाही.

दुरुस्तीवाल्याला ती आधीच दोनदा भेटून आली होती. "एवढी जुनी मॉडेलं आता कुणी उघडत नाही, ताई, नवीन घ्या," म्हणून त्यानं तिची बोळवण केली होती. नवीन? आईचे हात ज्या बटणांना न बघता लागतात ती बटणं काय नव्या ओव्हनला असणार आहेत? मग तिनं मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात एक गृहस्थ हसत हसत म्हणत होते, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण गरम होत नाही ना? मग कॉइल गेली! दोन स्क्रू काढा, दोन वायरी काढा, नवी बसवा. झालं! सगळा खेळ त्यांनी चहा गार व्हायच्या आत आटोपला.

लवंगीनं मेन स्विच बंद केला, ओव्हनमधली जाळी बाहेर काढली, डोकं आत घातलं आणि तळाच्या कॉइलचे दोन स्क्रू काढले. इथवर सगळं व्हिडिओसारखं. कॉइल पुढे ओढली, मागून दोन वायरी आल्या, त्यांच्या चिमट्या सोडवल्या आणि त्याच क्षणी दोन्ही वायरी सुळ्ळकन मागच्या भोकातून आत गेल्या. बिळात साप जावा तशा.

"गेल्या," लवंगी ओव्हनच्या आतून म्हणाली.

"काय गेलं?" बाबा बाहेरून.

"वायरी."

"कुठे गेल्या?"

"माहेरी गेल्या! बाबा, मागे गेल्या, भिंतीकडे. ओव्हन बाहेर ओढायला लागणार."

ओव्हन ओट्याखालच्या कप्प्यात गच्च बसवलेला होता. बाबा म्हणाले, आपण वरच्या मजल्यावरच्या वीजकाकांना बोलावू. वीजकाका हे वीज कंपनीतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी बिलं पाठवण्याच्या खात्यात काढली होती आणि वायरीला जन्मात हात लावला नव्हता. पण वीज कंपनी ती वीज कंपनी. बिल्डिंगमध्ये कुणाचा बल्ब गेला तरी आधी काकांचं मत घेतलं जायचं.

काका आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मेन बंद आहे?"

"आहे."

"नक्की?"

"काका, दिवे लागलेले दिसतायत का तुम्हाला?"

"दिवसा दिवे कोण लावतं? तपासलेलं बरं. मुलींनी हे असलं करूच नये खरं तर."

"मग तुम्ही करा."

"माझी कंबर," काका म्हणाले आणि स्टुलावर अधिक घट्ट बसले.

शेवटी लवंगीनं आणि बाबांनी मिळून ओव्हन ओढला. तो निम्मा बाहेर आला आणि फ्रिज व ओटा यांच्यामध्ये अडकला. आता स्वयंपाकघराचे दोन भाग झाले होते. एका भागात लवंगी आणि वायरी, दुसऱ्या भागात बाबा, काका, चहा, साखर आणि दरवाजा. तिनं मागचं पत्र्याचं झाकण काढलं, वायरी भोकातून पुन्हा पुढे सारल्या आणि परत निसटू नयेत म्हणून चक्क केसांच्या क्लिपा लावून ठेवल्या. ओव्हनच्या मागे इतक्या वर्षांची धूळ होती आणि त्या धुळीत चांदणीच्या आकाराचा, बिस्किटं कापायचा पत्र्याचा साचा होता. आई वर्षानुवर्षं तो शोधत होती. मग तिनं चांदण्या सोडून वाटीनं गोल बिस्किटं पाडायला सुरुवात केली होती.

लवंगीनं तो ओव्हनवरून पलीकडे दिला. बाबांनी तो शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

दुपारी लवंगी ओट्यावर चढून पलीकडे उतरली आणि त्याच मापाची नवी कॉइल घेऊन आली. सुट्या भागांचं ते दुकान चालवणारा माणूस भलताच बोलका होता. कॉइल खोक्यात घालताना त्यानं तीनदा बजावलं, "विकलेला माल परत घेत नाही हं." लवंगी म्हणाली, "परत द्यायला मी कशाला येतेय?"

पण ती घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मेन बंद करून अंधारात ओव्हनमध्ये डोकं घालणं काही तिला पसंत पडेना. खोकं टेबलावर ठेवलं आणि जुनी कॉइल कचऱ्यात टाकली.

"टाकू नकोस," बाबांनी ती लगेच उचलली. "लागेल कधीतरी."

"जळलेली कॉइल कशाला लागेल?"

"वरून तर धडधाकट दिसतेय."

"वरून तर तुमचं घड्याळही धडधाकट दिसतं."

यावर बाबा नेहमीप्रमाणे गप्प बसले. (त्यांच्या गप्प बसण्यालाच लवंगी आपला विजय समजते. वादविवाद स्पर्धेत तरी तसाच नियम असतो.) संध्याकाळी त्यांनी आईला फोन करून नेलकटर कुठे आहे ते विचारलं आणि मग बराच वेळ ते बाथरूममध्ये पाठमोरे बसून काहीतरी खसाखसा घासत होते. लवंगी जाता जाता म्हणाली, "चहाचं भांडं का? इतकं नका घासू, तळ जाईल." बाबा दचकले. पण तिनं काही त्याकडे लक्ष दिलं नाही. घरातल्या मोठ्या माणसांकडे नीट बघायची तिला सवयच नव्हती.

रविवारी सकाळी तिनं खोकं उघडलं.

"काल जास्त चकचकीत दिसत होती का?" ती म्हणाली.

"फॅक्टरीतलं तेल असतं वरती. रात्रीत सुकतं," पलीकडच्या भागातून वीजकाका म्हणाले. इतक्या खात्रीनं सांगितल्यावर शंका घेणं तिलाही जमलं नाही.

तिनं वायरींच्या क्लिपा काढल्या, चिमट्या बसवल्या, स्क्रू पिळले, मागचं झाकण लावलं, आणि तिघांनी मिळून ओव्हन पुन्हा कप्प्यात ढकलला. मेन चालू. बटण फिरवलं. दिवा लागला. पंखा घुमू लागला. लवंगीनं आत हात धरला.

तिघंही वाट बघत उभे राहिले. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा तिनं सगळीकडे हात लावून पाहिला. ओव्हन थंडगार होता.

"आला का गरमपणा?" काकांनी विचारलं.

"मला आला," लवंगी म्हणाली.

तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं मेन बंद केला, कॉइल काढली. (वायरींना आधी क्लिपा लावल्या. एवढी अक्कल आली होती.) तो लबाड दुकानदार! मुलगी बघितली आणि जळकी कॉइल गळ्यात मारली! काका म्हणाले, तो म्हणेल की तुमच्या ओव्हनला ही चालतच नाही, तेव्हा माप दाखवायला काहीतरी घेऊन जा. म्हणून एका हातात कॉइलचं खोकं आणि दुसऱ्या काखेत ओव्हनची जाळी अशी ती निघाली. बाबा दारापर्यंत मागे आले.

"अगं, राहू दे ना. बघू आपण नंतर."

"नंतर कधी? आज संध्याकाळी आईचा—" ती तिथेच थांबली. "तुम्हाला नाही कळायचं, बाबा. तुमचं 'बघू' आणि तुमची कात्री!"

रविवार असल्यामुळे दुकानात ही गर्दी. लवंगीनं जाळी काउंटरवर आदळली. सगळे वळून बघू लागले. मग खोकं आदळलं.

"हे काय विकलंत मला?"

"कॉइल," दुकानदार म्हणाला.

"जळलेली! गरम होत नाही. लोकांना फसवताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मी ग्राहक आहे, मला हक्क आहेत. ऐका सगळ्यांनी, हा माणूस—"

तिनं सुंदर भाषण केलं. मुद्दे होते, चढउतार होते, मध्ये एक कडवट विराम होता. एका बाईनं तर हातात घेतलेला पंखा परत ठेवून दिला. दुकानदारानं तोवर कॉइल उलटी केली होती आणि दिव्याखाली धरली होती.

"ताई, ही इथे फुटलीय. जुनी आहे. आणि कुणीतरी मन लावून घासलीय."

"घासलीय? नव्या कॉइलला कोण घासेल?"

"तेच म्हणतोय मी. नव्याला कोण घासेल?" त्यानं टोकाच्या बेचक्यात अडकलेलं काहीतरी चिमटीनं उपसलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं वर धरलं. "ही बघा. भांडी घासायच्या घासणीची तार."

तांबूस रंगाची, कुरळी, एवढीशी तार. लवंगीनं ती ओळखली. त्यांच्या मोरीत ती घासणी नळाशेजारी टांगलेली असते. काल ती कुणाच्या हातात होती, तेही आठवलं. बाथरूममधली ती पाठ आठवली.

"बोला ना," दुकानदार खुशीत येऊन म्हणाला. "मघाशी कसं छान बोलत होतात!"

आता इथे खरं म्हणजे माफी मागायला हवी होती. लवंगीनं आजवर मोठ्या माणसांची माफी मागितलेली नाही. तशी वेळ येण्याआधीच ती विषय बदलते. या वेळी विषय सापडेना. "घरी... घरी बघते जरा," असं काहीतरी पुटपुटून तिनं कॉइल उचलली आणि ती निघाली. मागून त्या बाईनं तो पंखा पुन्हा हातात घेतल्याचा आवाज आला.

घरी बाबा एकटेच होते. ओव्हनपुढे स्टूल टाकून बसले होते. तिनं जुनी कॉइल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"नवी कुठे आहे?"

बाबा उठले. आतल्या खोलीत गेले, आईचं कपाट उघडलं. कपाट कुरकुरलं आणि त्यातून आईचा वास बाहेर आला. साबणाचा, व्हॅनिलाचा आणि थोडा घडी घातलेल्या लोकरीचा. लवंगी दारातच थांबली. इतक्या महिन्यांत तिनं हे कपाट एकदाही उघडलं नव्हतं. म्हणजे, एकदा उघडायला गेली होती आणि मग तिला अचानक दुसरं काम आठवलं होतं.

बाबांनी खालच्या फळीवरून आईची करडी शाल काढली. शालीत, बाळाला गुंडाळावं तशी गुंडाळलेली, लखलखीत नवी कॉइल.

"का पण?" लवंगी ओरडायला गेली. ओरडणं काही निघालं नाही.

बाबा शालीची घडी घालू लागले. नीट जमेना. "ती म्हणाली होती ना जाताना. परत आले की आधी ओव्हनचं बघायला हवं."

"मग?"

"मग काय. ओव्हनचं बघायला येणार होती ती." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "काल फोनवर ताई सांगत होती, ठेवून घेते म्हणून. मला वाटलं, इथे ओव्हन तरी बिघडलेला आहे. तेवढं एक काम तिचं राहिलंय इथे. ते तू बघून टाकलंस, तर मग मी तिला सांगणार काय?"

लवंगी कपाटाला टेकून खाली बसली. म्हणजे ज्या ओव्हनच्या दुरुस्तीनं ती आईला ओढून आणणार होती, तो बिघडलेला ठेवून बाबा तिला ओढून आणणार होते. आणि सगळे महिने एकाच घरात एकाच टेबलाशी बसून दोघं एकमेकांना विचारत होते, मीठ दे, पेपर दे, जेवलीस का.

"बाबा, रोज त्या वस्तू हरवतात..."

"हरवत नाहीत," बाबा म्हणाले.

"कात्री?"

"हातातच असते. काहीतरी विचारल्याशिवाय फोन कसा करायचा?"

लवंगी एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिनं नाक शालीला पुसलं. बाबांनी शाल काढून घेतली. "तिची आहे," ते म्हणाले.

"बाबा, सरळ सांगायचं ना माणसानं! 'ये' म्हणायचं. दोन अक्षरंही नाहीत, एकच आहे. मी सांगते तिला आज. कसं बोलायचं असतं ते बघाच तुम्ही."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. बाबांनी टॉर्च धरला (तो त्यांना बरोबर सापडला), लवंगीनं चिमट्या लावल्या आणि स्क्रू पिळले. मेन चालू केला, आई लावायची तसा ओव्हनचा गजरही लावला. दिवा, पंखा, आणि मग तळाची कॉइल आधी काळपट, मग विटकरी, मग लालबुंद होत गेली. जुन्या पत्र्याचा, कुठेतरी सांडून करपलेल्या साखरेचा वास स्वयंपाकघरात पसरला. तो वास येताच दोघांनीही दाराकडे पाहिलं. आई आतून हात पुसत बाहेर येईल, असाच तो वास होता.

दार रिकामं होतं. दोघं स्टुलं ओढून ओव्हनपुढे बसले. आत ठेवायला काहीच नव्हतं. दोघांनाही भाजता काही येत नव्हतं. ही गोष्ट इतक्या धावपळीत कुणाच्या लक्षातच आली नव्हती. बाबांनी खिशातला साचा काढून गुडघ्यावर ठेवला. लाल उजेडात त्या पत्र्याच्या चांदणीच्या कडा चमकत राहिल्या.

"छान झालाय," बाबा म्हणाले.

"हो ना," लवंगी म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. आईच होती. बाबांनी फोन लवंगीकडे दिला आणि 'बोल' अशी खूण केली. लवंगी उभी राहिली. वाक्य तयार होतं. व्यासपीठावर तिनं हजार माणसांपुढे न अडखळता भाषणं केली होती.

"लवंगे? जेवलीस का?" आई म्हणाली.

पलीकडे बाळ रडत होतं. आईचा आवाज जरा दमलेला होता. लवंगीनं तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला:

"आई, आपला स्क्रू-ड्रायव्हर कुठे असतो गं?"

बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला.

आई म्हणाली, "हातात बघ."

लवंगीनं हातात पाहिलं. स्क्रू पिळल्यापासून तो तिथेच होता.

"तुझ्या बाबांची कात्री पण तिथेच असते," आई म्हणाली. "बोलताना उघडझाप करत असतात. मला कचकच ऐकू येते इथे."

त्याच घरात बसून लवंगीला ती कधी ऐकू आली नव्हती.

"बरं, ओव्हनचं काय झालं? बाबा म्हणत होते, तू उघडलायस."

"नाही झाला," लवंगी पटकन म्हणाली. (खरं बोलण्याबद्दल तिचा फार लौकिक आहे.) "अजिबात होत नाहीये. तू आल्याशिवाय काही—"

मागे ओव्हननं टिंग केलं. गजर लावलेला होता तो वाजला. स्वच्छ, खणखणीत, परगावीही ऐकू जाईल असा.

आई हसली. बारीक, नाकातून, ती बिस्किटं मोजताना हसायची तसं.

"फारच बिघडलाय गं," ती म्हणाली. "मला यायलाच हवं. ताईला मी सकाळीच सांगितलंय, शेजारच्या बाई बाळाला सांभाळतील म्हणून. बुधवारी येते. जावई सोडायला येतायत."

"सकाळीच?"

"मग? रोज संध्याकाळी त्या माणसाला कात्री सापडत नाही, त्याला किती दिवस तसं ठेवायचं?"

लवंगीनं फोन बाबांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. नुसती मान हलवत होते, जणू आईला ती मान दिसत होती. शेवटी म्हणाले, "तो चांदणीचा साचा सापडलाय," आणि फोन परत लवंगीकडे देऊन खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"लवंगे," आई म्हणाली, "बुधवारी आल्या आल्या बिस्किटं लावते. तेवढी ओव्हनची जाळी घासून ठेव."

"ठेवते, ठेवते!" लवंगी म्हणाली. फोन ठेवला, मोरीतली घासणी घेतली, गाणं गुणगुणत ओव्हनचा दरवाजा उघडला. आत जाळी नव्हती. ओट्यावर नव्हती. फ्रिजमागे नव्हती. मग तिला आठवलं, आपण ती कुठे आदळली होती, कशी आदळली होती, आणि त्या वेळी दुकानात कोण कोण होतं. ती जाळी आता दुकानदाराच्या काउंटरवर होती आणि तो नक्कीच तिच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता.

लवंगीनं घासणी हळूच ओट्यावर ठेवली. आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला.

"बाबा, उद्या तुम्ही जरा त्या दुकानात जाऊन जाळी घेऊन याल का?"

बाबा खिडकीबाहेरच बघत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"बघू," ते म्हणाले.